काळ्या मातीत औषधांचा माग : खानदेशातील नवख्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

माणसाने किंवा जनावराने घेतलेले औषध शरीरात पूर्णपणे जिरून जाते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मधुमेहावरील मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ न बदलता लघवीवाटे बाहेर पडते, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळीतील साधारण निम्मा भाग तसाच मूत्रात उतरतो, आणि अपस्मारावरील कार्बामाझेपिन अगदी थोड्या प्रमाणात मूळ रूपात बाहेर येत असले तरी ते निसर्गात इतके चिवट ठरते की तेवढेही पुरते. हे सर्व गटारातून नाल्यात आणि नाल्यावर मोटर बसवलेली असेल तर तेथून शेतात पोहोचते. जगभरातील १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफीन हे तीन पदार्थ निम्म्याहून अधिक ठिकाणी आढळले. पाण्याचा अभ्यास बराच झाला आहे, त्या मानाने मातीचा आणि पिकांचा कमी झाला आहे, आणि तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यातील काळ्या, चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हे काम करताना परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलून चालत नाही. पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा कृषी शाखेच्या ज्या विद्यार्थ्यांना असा प्रकल्प हाती घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

प्रश्न आधी, खुरपे नंतर

पहिली पायरी वहीत पूर्ण करायची असते. ‘या शेतात औषधे आहेत का’ हा प्रश्न संशोधनाला उपयोगाचा नाही, कारण पुरेसे संवेदनशील यंत्र मिळाले तर उत्तर बहुधा ‘आहेत’ असेच येईल. ‘नाल्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या मेथीच्या पानात कार्बामाझेपिन येते का, आणि विहिरीच्या पाण्यावरील मेथीच्या तुलनेत किती’ हा प्रश्न उपयोगाचा आहे, कारण त्यात स्रोत, पीक, पदार्थ आणि तुलना या चारही गोष्टी ठरलेल्या आहेत. माग काढण्याचे काम यंत्रावर होते असे नवख्यांना वाटते. माझ्या अनुभवात त्याचा मोठा भाग नमुना घेण्यापूर्वीच झालेला किंवा बिघडलेला असतो.

शिवाराची चौकशी

गाव नकाशावर नाला, त्याला मिळणारी गटारे, दवाखाने, गोठे, कुक्कुटपालन, उकिरडे, विहिरी आणि पाण्याचा उतार दाखवावा. त्यानंतर शेतकऱ्याची परवानगी घेऊन चौकशी करावी, आणि येथे एक भाषिक अडचण हमखास आडवी येते. आपल्याकडे शेतात ‘औषध’ म्हणजे फवारणीचे कीडनाशक. ‘अप्पा, तुमच्या शेतात औषध येते का?’ असे विचारले की अप्पा कपाशीवर या हंगामात मारलेल्या प्रत्येक डब्याचे नाव सांगतात आणि आपला कागद चुकीच्या माहितीने भरतो. त्यामुळे ‘माणसांच्या दवाखान्यातल्या गोळ्या-इंजेक्शने’ आणि ‘ढोरांच्या डॉक्टरने दिलेले औषध’ असे वेगळे शब्द वापरून दोन वेगळे प्रश्न करावेत. शेणखत कोणत्या गोठ्यातले, कोंबडीखत टाकले का, केव्हा टाकले, पाणी पाटाने की ठिबकने, नाल्याचे पाणी वर्षातील कोणत्या महिन्यांत घेतले जाते, हे सर्व तारखांसह लिहावे. शेताची खरी माहिती बऱ्याचदा मालकापेक्षा सालदाराला अधिक असते, म्हणून त्यालाही विचारावे.

फवारणीचा प्रश्नही सोडू नये, मात्र त्याचे कारण वेगळे आहे. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ९० टक्के आणि टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड १० टक्के असे मिश्रण पिकांवरील जिवाणूजन्य रोगांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे फवारले गेले आहे. शेतात टेट्रासायक्लिन सापडले आणि आपण त्याचा ठपका नाल्यावर ठेवला, तर सगळा निष्कर्षच कोसळू शकतो.

कोणता पदार्थ शोधावा

यादी जितकी लांब तितका प्रकल्प मोठा, ही समजूत सोडून द्यावी. चार-पाच पदार्थ पुरेत. परंतु ते मातीतील वागणुकीनुसार निवडावेत. खानदेशातील खोल काळ्या जमिनीत फुगणाऱ्या प्रकारची चिकणमाती भरपूर असते आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साधारणतः ७.५ ते ८.५ च्या दरम्यान राहतो. या सामूला प्रत्येक औषधावरील विद्युतभार कोणता राहील यावर ते मातीला धरून बसेल, पाण्याबरोबर खाली उतरेल की झाडात चढेल, हे बरेचसे ठरते.

कार्बामाझेपिनवर या सामूला कोणताही भार नसतो. ते मातीतील जिवाणूंकडून सावकाश मोडते, मुळांतून सहज आत शिरते आणि बाष्पोत्सर्जनाच्या प्रवाहाबरोबर पानांपर्यंत जाते; पाणी पानातून उडून जाते आणि औषध मागे राहते. पिकाचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात याच पदार्थापासून करावी. शेतीतील वापर नसल्यामुळे आणि ते माणसांच्या सांडपाण्यातूनच येत असल्यामुळे स्रोत ओळखण्यासाठीही ते चांगली खूण ठरते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाशी त्याचा काही संबंध नाही. नावांच्या साधर्म्यामुळे विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत ही अदलाबदल मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे, म्हणून सांगून ठेवतो.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनची वागणूक याच्या अगदी उलट आहे. त्याच्या रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार एकाच वेळी राहू शकतात, ते चिकणमातीला घट्ट चिकटते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी बंध जोडते. आपल्या चुनखडीयुक्त मातीत ते वरच्या थरातच साठून राहण्याची शक्यता मोठी असते आणि झाडात तुलनेने कमी जाते. टेट्रासायक्लिन गटही साधारण असाच वागतो. त्याचे रेणू फुगणाऱ्या चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या मध्येही शिरतात. त्यामुळे पानात सिप्रोफ्लॉक्सॅसिन नाही म्हणून माती स्वच्छ आहे, किंवा मातीत कार्बामाझेपिन कमी आहे म्हणून पीक सुरक्षित आहे, असे दोन्ही अनुमान चुकू शकतात.

सल्फामेथॉक्साझोल या प्रतिजैविकावर या सामूला ऋण भार असतो आणि आपली चिकणमातीही ऋणभारितच, त्यामुळे ते मातीला फारसे न धरता पाण्याबरोबर खाली जाते. विहिरीच्या पाण्यासाठी ते उपयोगी ठरते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकसुद्धा ऋणभारित राहते, पण मातीतील जिवाणू त्याला काही दिवसांत ते काही आठवड्यांत मोडतात. म्हणून ते सापडले तर भर अलीकडची किंवा सतत चालू असलेली आहे असे समजावे. गिधाडांच्या मृत्यूशी डायक्लोफेनॅकचा संबंध २००४ साली सिद्ध झाला आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीचा वापर मात्र चालूच आहे, त्यामुळे सांडपाण्यात ते अजूनही अपेक्षितच आहे.

मेटफॉर्मिनचा मोह नवख्यांनी पहिल्या वर्षी टाळावा. मोजणी यंत्रात पदार्थ वेगळे करणाऱ्या नेहमीच्या सी-१८ कॉलमवर (नळीवर) ते टिकत नाही, पाण्याबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडते आणि त्यासाठी स्वतंत्र पद्धत उभी करावी लागते. स्ट्रेप्टोमायसिनचेही तसेच आहे.

मातीचा नमुना

कृषी विभागाच्या माती परीक्षणासाठी व्ही आकाराचा खड्डा, नागमोडी चाल, चतुर्थांश पद्धत आणि सावलीत वाळवणे हे सर्वांना माहीत असते. त्यातील पहिल्या तीन गोष्टी येथेही तशाच राहतात, चौथी मात्र टाळावी लागते. प्रतिजैविकांपैकी अनेक पदार्थ उजेडात मोडतात आणि ऊब मिळाली की ओल्या मातीतील जिवाणूही त्यांना खात राहतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, अशा वेळी गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला नमुना कोणत्याही निष्कर्षाच्या लायकीचा उरत नाही.

एकसारख्या जमिनीच्या एका तुकड्यातून दहा-बारा ठिकाणची ० ते १५ सेंटिमीटर खोलीची माती एकत्र करून एक मिश्र नमुना होतो. असे तीन स्वतंत्र मिश्र नमुने प्रत्येक शेतातून घ्यावेत, म्हणजे शेतातल्या शेतात आकडा किती हलतो ते कळते. पाटाने भिजणाऱ्या शेतात पाण्याच्या तोंडाजवळचा भाग आणि शेवटचा भाग वेगळा ठेवावा, कारण गाळ तोंडाशीच बसतो आणि मातीला चिकटणारी औषधे गाळाबरोबर येतात. ठिबकच्या बागेत ओळींच्या मधली कोरडी माती घेऊन उपयोग नाही. ड्रिपरखाली कांद्याच्या आकाराचा जो ओला भाग तयार होतो त्यातून, ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटरवर नमुना घ्यावा आणि ते अंतर सर्वत्र सारखे ठेवावे.

अवजारे स्टेनलेस स्टीलची असावीत: खुरपे, गिरमिट, आणि माती कालवायला पसरट पातेले. प्लास्टिकचे घमेले वापरू नये. प्रत्येक ठिकाणानंतर अवजार पाण्याने धुऊन मिथेनॉलने पुसावे. कामाचा क्रम स्वच्छ शेताकडून दूषित शेताकडे असावा, म्हणजे आधी विहिरीवरचे तुलनेचे शेत, मग नाल्यावरचे शेत, आणि नाल्याचा गाळ सर्वांत शेवटी. चतुर्थांश पद्धतीने अर्धा किलो माती उरवून ती गडद काचेच्या बरणीत भरावी, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि त्याच दिवशी उणे २० अंशांवर न्यावी. प्रयोगशाळेत शीतशुष्कन (गोठवून निर्वातात वाळवणे) करून मग खलबत्त्यात ढेकळे फोडून २ मिलिमीटर चाळणीतून चाळावी. ओली काळी माती चाळण्याचा प्रयत्न ज्याने एकदा केला आहे, तो दुसऱ्यांदा करीत नाही.

खोलीचा प्रश्न खानदेशात विशेष जपून हाताळावा लागतो. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती त्यांत ढासळते. पावसाळ्यात जमीन फुगून भेगा बुजतात, पण ढासळलेली माती खालीच राहते. त्यामुळे ३० ते ६० सेंटिमीटरच्या थरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाले तर ते पाण्याबरोबर झिरपले असे लगेच म्हणता येत नाही. वरची माती भेगेतून पडलेली असू शकते. खोल नमुने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना आणि भेगा मिटलेल्या असताना घ्यावेत, आणि गिरमिटाने काढलेल्या मातीच्या कांडीचा बाहेरचा थर चाकूने खरवडून टाकावा. वरच्या थराचे नमुने मात्र मेअखेर आणि ऑक्टोबर असे दोनदा घेणे उत्तम. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत नाल्यात जवळपास निव्वळ सांडपाणीच वाहते आणि त्या वेळची भर सर्वांत दाट असते.

याच मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब, चुनखडी आणि चिकणमातीचे प्रमाण साध्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून करून घ्यावे. खर्च थोडा, आणि त्यावाचून औषधांचे आकडे समजत नाहीत.

झाडाचा नमुना

नवख्यांनी पालेभाजीपासून सुरुवात करावी. मेथी, पालक, कोथिंबीर थोड्या दिवसांत तयार होतात आणि पाने कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ली जात असल्यामुळे प्रश्नालाही वजन असते. भरताची वांगी किंवा केळी यांवर काम करायचे असेल तर वेळ हाती हवा. झाड जेथून उपटले तेथलीच मुळांभोवतीची माती घ्यावी. शेताच्या सरासरी मातीशी एका झाडाच्या पानाची तुलना करू नये.

मुळे, देठ, जुनी पाने, कोवळी पाने आणि फळ वेगळे करावे. मुळे ऊर्ध्वपातित पाण्याने माती पूर्ण निघेपर्यंत धुवावीत, कारण मुळाला चिकटलेला काळ्या मातीचा एखादा कणही सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आकडा फुगवू शकतो आणि मग आपण मातीलाच मूळ समजून बसतो. पानांचे दोन भाग करावेत, एक धुतलेला आणि एक न धुतलेला. दोन्हींतील फरक म्हणजे उडालेल्या चिखलाचा आणि पाण्याच्या शिंतोड्यांचा वाटा.

केळीच्या बाबतीत अन्नद्रव्य तपासणीसाठी वरून तिसरे पान घेण्याचा प्रघात आहे. येथे तेवढ्यावर न थांबता खालचे जुने पानही घ्यावे, कारण बाष्पोत्सर्जनाने येणारे औषध जितके दिवस पान जिवंत तितके साठत जाते. घडातील फळात प्रमाण बहुधा पानापेक्षा बरेच कमी मिळते; फळातून पाणी फारसे उडत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), लागवडीचे पहिले पीक की पिलबाग (पिलांवर घेतलेले पुढचे पीक), हे नोंदवावे, नाहीतर दोन बागांच्या आकड्यांची तुलना होणार नाही. केळीचा चीक चाकूला चिकटून पुढच्या नमुन्यात जातो, तेव्हा प्रत्येक कापानंतर पाते मिथेनॉलने पुसावे.

कोरे नमुने

एकदा आमच्या कोऱ्या नमुन्यात, म्हणजे शेतात नुसत्या उघडून बंद केलेल्या स्वच्छ वाळूच्या बरणीत, डायक्लोफेनॅक सापडले. दोन दिवस सर्व द्रावणे तपासली, काचसामान पुन्हा भाजले, आणि शेवटी एका विद्यार्थ्याने कबूल केले की आदल्या रात्री गुडघा दुखत होता म्हणून त्याने वेदनाशामक मलम चोळले होते आणि सकाळी त्याच हातांनी बरण्या भरल्या होत्या. त्या दिवसाचे सर्व नमुने टाकावे लागले. तेव्हापासून नमुना घेण्याच्या आदल्या दिवसापासून मलम बंद, शेतात नायट्राइल हातमोजे, आणि बांधावरचा चहा काम संपल्यावर, असा नियम आहे. चहाचा कप हातात असताना कॅफीन मोजणे ही तर शुद्ध थट्टाच होईल.

प्रत्येक फेरीत निदान एक शेतातील कोरा नमुना, एक प्रयोगशाळेतील कोरा नमुना, आणि ज्ञात प्रमाणात औषध मिसळलेला स्वच्छ मातीचा व स्वच्छ पानांचा नमुना असावा. मिसळलेल्यापैकी ७० ते १२० टक्के परत मिळाले तर पद्धत चालते असे सामान्यतः मानतात.

प्रयोगशाळेत

येथील तपशील तुमच्या मार्गदर्शकाकडून आणि प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ठरतील, म्हणून थोडक्यात सांगतो. शीतशुष्क माती १ ते २ ग्रॅम घ्यावी आणि समस्थानिकांनी खूण केलेले आंतरिक मानक (त्याच औषधाचे जड अणू असलेले, ज्ञात मात्रेतील रूप) निष्कर्षणाच्या आधीच घालावे, नंतर नव्हे. वाटेत जे हरवेल ते औषध आणि मानक या दोघांचेही सारखेच हरवावे, हा त्यामागील हेतू. प्रतिजैविकांसाठी मॅकिल्व्हेन बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ईडीटीए हे धातूंना बांधून घेणारे रसायन मिसळलेले द्रावण आणि सेंद्रिय द्रावक यांचा वापर होतो. आपल्या मातीतील कॅल्शियमने धरून ठेवलेले टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन सोडवायचे काम ईडीटीए करते, त्यामुळे चुनखडीच्या मातीत ते कमी पडले की पुनर्प्राप्ती घसरते. त्यानंतर श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपने, अपकेंद्रण, आणि एचएलबी कार्ट्रिजवर (औषधे धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवर) शुद्धीकरण. पानांतील कार्बामाझेपिनसाठी क्वेचर्स ही झटपट निष्कर्षणाची पद्धत सोपी पडते. ती २००३ साली भाज्या-फळांतील कीडनाशकांसाठी मांडली गेली होती. ही प्रतिजैविके काचेलाही चिकटतात, म्हणून अर्क पॉलिप्रोपिलीनच्या नळ्यांत ठेवावा.

मोजणी एलसी-एमएस/एमएस यंत्रावर होते; ते पदार्थ वेगळे करून त्यांचे रेणू फोडते आणि तुकड्यांचे वस्तुमान मोजते. प्रत्येक पदार्थासाठी दोन तुकडे पाहावेत. केवळ एक तुकडा जुळला म्हणून पदार्थ सापडला असे लिहू नये. कार्बामाझेपिनचा मुख्य तुकडा २३७ वरून १९४ (आधी भारित रेणूचे वस्तुमान, मग तुकड्याचे), सल्फामेथॉक्साझोलचा २५४ वरून १५६, आणि ऋण पद्धतीत (रेणूला ऋण भार देऊन) डायक्लोफेनॅकचा २९४ वरून २५०. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ३३२ वरून ३१४ हा तुकडा नुसते पाणी गळून होतो, त्यामुळे सोबत दुसरा बघणे येथे अधिकच आवश्यक आहे. केळीच्या पानातील हरितद्रव्य आणि काळ्या मातीतील ह्युमिक पदार्थ यंत्राचा संकेत दाबतात, म्हणून अंशांकन (ज्ञात मात्रांवरून यंत्राचे माप बसवणे) शुद्ध द्रावकात न करता स्वच्छ मातीच्या आणि स्वच्छ पानांच्या अर्कातच करावे.

आकड्यांतून स्रोताकडे

एकट्या आकड्यावरून स्रोत सांगता येत नाही, पदार्थांच्या जोडीवरून सांगता येतो. कार्बामाझेपिन, कॅफीन आणि डायक्लोफेनॅक एकत्र असतील तर माणसांचे सांडपाणी. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन ही जनावरांना दिली जाणारी प्रतिजैविके आहेत पण कार्बामाझेपिन मुळीच नाही, तर शेणखत किंवा कोंबडीखत. येथे एक खाचखळगा आहे: जनावरांच्या एन्रोफ्लॉक्सॅसिनचे शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होते, म्हणून केवळ सिप्रोफ्लॉक्सॅसिन पाहून दवाखान्याकडे बोट दाखवू नये, दोन्ही मोजावेत. एकच औषध प्रचंड प्रमाणात आणि बाकी काहीच नाही, तर उत्पादनाचे सांडपाणी किंवा फेकलेला मुदतबाह्य साठा शोधावा. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात प्रति लिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. घरगुती सांडपाण्यात असे आकडे येत नाहीत.

जोडी जुळल्यावर अंतर तपासावे. संशयित नाला शेताला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक, तोंडाशी एक आणि खाली वाढत्या अंतरावर तीन-चार नमुने घेतल्यावर प्रमाण उतरत गेले तर बाजू मजबूत होते. तुलनेच्या शेताची विहीर नाल्याला लागून असेल तर झिरप तिच्यातही येऊ शकते, म्हणून तिचे पाणी तपासल्याशिवाय ते शेत स्वच्छ धरू नये.

आकड्यांचे प्रमाण मनात बसण्यासाठी एक हिशेब करून पाहावा. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर साधारण २० लाख किलो भरतो. प्रति किलो १ मायक्रोग्रॅम म्हणजे त्या संपूर्ण थरात २ ग्रॅम, अर्थात कार्बामाझेपिनच्या २०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या. पानांच्या बाबतीत कोरडे वजन आणि ओले वजन यांची गल्लत करू नये. समजा, मेथीच्या कोरड्या पानात प्रति किलो २० मायक्रोग्रॅम मिळाले आणि पानात ८८ टक्के पाणी आहे, तर ताज्या मेथीत ते २.४ मायक्रोग्रॅम होते, आणि पाव किलो भाजीतून ०.६ मायक्रोग्रॅम पोटात जाते. एका गोळीच्या तीन लाखाव्या भागाहूनही कमी. प्रतिजैविकांना मात्र हा हिशेब लावू नये. तेथे काळजी खाणाऱ्याच्या मात्रेपेक्षा मातीतील जिवाणूंमध्ये वाढणाऱ्या प्रतिकारशक्तीची असते, आणि ती अगदी कमी प्रमाणालाही वाढू शकते.

मातीतील औषधांसाठी आपल्याकडे कायदेशीर मर्यादा ठरलेली नाही, त्यामुळे अहवालात ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असा शब्दप्रयोग येऊ देऊ नये. तुलनेच्या शेतापेक्षा किती पट, एवढेच लिहावे. अहवालाची पहिली प्रत सोप्या मराठीत शेतकऱ्याला द्यावी आणि समोर बसून वाचून दाखवावी. गट क्रमांक, गावाचे नाव, शेताचा फोटो यांपैकी काहीही त्याच्या संमतीशिवाय छापू नये; बाजारात एकदा ‘नाल्याची भाजी’ हा शिक्का बसला की शेजारच्या विहिरीवरच्या मेथीलाही गिऱ्हाईक मिळत नाही. प्रत्येक नमुन्याचा उरलेला अर्धा भाग चिठ्ठीसह उणे २० अंशांवर ठेवून द्यावा, कारण पुढच्या मे महिन्यातील आकडे वेगळे आले तर जुन्या बरणीतील मातीच पुन्हा मोजावी लागेल.